रिकामी गाडी खोटं बोलते

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर ते नारायणगाव जुनी स्कोडा सुपर्ब झोकात धावते. मागे बसणाऱ्याला पाय ऐसपैस पसरता येतात. परीक्षा होते ती घोडेगावहून भीमाशंकरकडे वळल्यावर किंवा जुन्नरच्या एखाद्या वाडीच्या रस्त्यावर. माणसं भरली की लांबलचक गाडीचं पोट गतिरोधकाला घासतं. म्हणून जुनी गाडी विकत घेण्याआधी घरची पाच माणसं बसवूनच चाचणी घ्यावी.

एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. महागड्या सेडानमध्ये त्या आधीपासून असत, पण अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा बसवली का? चावी फिरवल्यावर तिचा दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर संशय घ्यावा. टायरवर '२३१९' असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी मोह घालते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून भाव पडले. मात्र ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि पिंपरी-चिंचवड आरटीओत एमएच-१४ ची नोंदणी धरली की स्वस्ताई बरीच आटते. शिवाय सुटे भाग पुण्याहून मागवावे लागले, तर गाडी आठवडाभर गॅरेजातच!