वसंतातला मॅग्नोलिया: फूल मार्चचं, तयारी मागच्या उन्हाळ्याची

आज आपण वसंतात फुलणाऱ्या मॅग्नोलियाची लागवड समजून घेणार आहोत. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांनी हे झाड पाहिलेलं असणारच. मार्च-एप्रिलमध्ये अंगावर एक पान नसतं आणि फांद्या गुलाबी-पांढऱ्या पेल्यांनी भरून जातात. इकडच्या मंडळींनाही ते अगदी अनोळखी नाही, कारण आपला सोनचाफा याच प्रजातीतला. पूर्वी त्याचं शास्त्रीय नाव मिशेलिया चंपाका होतं, आता ते मॅग्नोलिया चंपाका झालं आहे. देवचाफा मात्र नावापुरताच चाफा. तो कण्हेरीच्या कुळातला.

या दोन भावंडांमध्ये एक फरक आहे आणि आजचं सगळं विवेचन त्यावरच उभं आहे. सोनचाफ्याची फुलं पानांच्या बगलेत येतात, आणि ती पुढे बरेच दिवस येत राहतात. आज फूल गळलं तर उद्या दुसरं मिळतं. वसंतातल्या मॅग्नोलियाचं तसं नाही. त्याची कळी डहाळीच्या टोकाला धरते आणि ती आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेली असते. तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. नंतर सगळा हिवाळा ही कळी लव असलेलं जाड आवरण पांघरून बसते. हिवाळ्यात फांदी हातात धरून बघा. टोकाशी मांजराच्या पंजासारखी मऊ, फुगीर दिसते ती फुलाची कळी; बारीक, सडपातळ ती पानाची. मोठा बहर वर्षातून एकदाच येतो, म्हणून कळी गेली की वर्ष गेलं. मग माळ्याचं मुख्य काम काय? तर मागच्या उन्हाळ्यात झाडानं केलेली कमाई सांभाळणं.

आता जात कुठली निवडायची ते पाहू. बागांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो सुलांजियाना. नेपोलियनच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या एतिएन सुलांज-बोदँ यांनी पॅरिसजवळ चीनच्या दोन मॅग्नोलियांचा संकर केला आणि 1826 मध्ये त्याला पहिलं फूल आलं. हे झाड पसरतं, त्याला मोकळी जागा लागते. अंगण लहान असेल तर जपानचा स्टेलाटा घ्यावा. त्याची फुलं चांदणीसारखी असतात आणि झाड सावकाश वाढतं. पण हे दोन्ही लवकर फुलतात, आणि धोका तिथेच आहे. कळी मिटलेली असताना बरीच थंडी सोसते, उमललेलं फूल मात्र सोसत नाही. एका रात्री दव गोठलं की सकाळी झाडभर तपकिरी चिंध्या लोंबताना दिसतात. यावर उपाय म्हणून वॉशिंग्टनच्या यू. एस. नॅशनल आर्बोरेटममध्ये 1950 च्या दशकात थोडे उशिरा फुलणारे संकर तयार केले गेले. ‘सुसान’, ‘जेन’, ‘बेटी’ अशी मुलींची नावं असलेले वाण त्यातलेच. जिथे एप्रिलमध्येही गारठ्याचा भरवसा नसतो, तिथे हे बरे.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. एक, खोलगट जागा नको, कारण थंड हवा जड असते आणि उतारावरून येऊन तिथे साचते. दोन, भर थंडीत तापणारी दक्षिणेची भिंत नको. उबेला भुलून कळ्या वेळेआधी उघडतात आणि गारठ्याच्या तावडीत सापडतात. तीन, पूर्वेचं कोवळं ऊन थेट पडेल अशी जागाही टाळावी. गोठलेली पाकळी झटकन वितळली तर जास्त करपते, सावकाश वितळली तर निभावते. वाऱ्यापासून मात्र आडोसा हवाच.

माती किंचित आम्लधर्मी, कुजलेल्या पानांचं खत घातलेली आणि निचऱ्याची असावी. मॅग्नोलियाची मुळं दोरखंडासारखी जाड, मांसल आणि जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. दुखावली तर लवकर सावरत नाहीत. थंड, ओल्या मातीत तर ती कुजूही शकतात, म्हणून कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात लागवड वसंतात करावी. रोप कुंडीत जितकं खोल होतं तितकंच ठेवावं. नंतर बुंध्याभोवती कुदळ चालवू नये. पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं, पण ते खोडाला टेकू देऊ नये. झाड एकदा लावलं की हलवायचं नाही, तेव्हा जागेचा विचार आधीच करून ठेवा.

छाटणीत तर अनेकांचं वर्ष वाया जातं. शिशिरात ‘बाग आवरायची’ म्हणून कात्री चालवली की कळ्याच कापल्या जातात, शिवाय त्या सुमारास जखमेतून रसही वाहतो. कापायचंच असेल तर फुलं संपून पानं पूर्ण उमलल्यावर, उन्हाळ्याच्या मध्याला, आणि तेही वाळलेल्या किंवा एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपुरतंच. झाड जोरात छाटलं तर सरळसोट, बिनफुलांचे फोक फुटतात.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ. पहिला: हे झाड पुण्या-मुंबईत लावता येईल का? आम्ही नको म्हणू. पानगळीच्या या मॅग्नोलियांना थंडीचा लांब मुक्काम लागतो, तो इथे मिळत नाही. इथे सोनचाफाच लावा.

दुसरा: एका रात्रीत सगळी फुलं करपली, झाड मेलं का? नाही. पानांच्या कळ्या वेगळ्या असतात आणि उशिरा फुटतात. घाबरून फांद्या कापू नका. जून-जुलैत पाऊस ओढ देत असेल तर भरपूर पाणी द्या, कारण पुढच्या वसंताची फुलं झाड त्याच दिवसांत घडवायला घेतं.