पानाचा खरा रंग

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकडा परिसरातली केळी आणि हळद ही दोन्ही पिके मोठ्या पानांची. त्यांचे बरेचसे दुखणे पानावर उमटते आणि हल्ली ते पान मोबाइलवर टिपून सल्ल्यासाठी पाठवले जाते. कधी कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला, कधी जाणत्या शेतकऱ्याला, कधी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला, तर कधी परभणीच्या कृषी विद्यापीठाला. सल्ला फोटोवर बेतलेला आणि फवारणी सल्ल्यावर. म्हणजे हा फोटो पुराव्याच्या जागी उभा असतो. माझे म्हणणे असे, की जवळून घेतलेल्या पानाच्या फोटोचे बरेवाईट बटण दाबण्यापूर्वी, उजेड निवडतानाच ठरते. नंतरच्या एडिटिंगने त्यात भर थोडी पडते, पुसले मात्र पुष्कळ जाते.

किती बारीक फरकावर निदान अवलंबून असते ते केळीवरूनच पाहू. फिजीतल्या सिगाटोका खोऱ्याचे नाव मिळालेला करपा सुरू होतो तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीच्या फिकट पिवळसर रेघांनी. त्या पुढे तपकिरी होतात, ठिपक्याचा मध्य राखाडी पडतो आणि भोवती पिवळे वलय दिसते. कुकुंबर मोझॅक विषाणूचे पिवळसर, तुटक पट्टेही शिरांना समांतरच धावतात, पण ते कोवळ्या पानांवर. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडले तर पुन्हा कोवळेच पान शिरांच्या मधल्या भागात फिकटते. तिन्ही पिवळेच, उपाय मात्र तीन तऱ्हांचे. करप्यात रोगट भाग कापून बुरशीनाशक फवारायचे, विषाणूत झाड उपटून नष्ट करायचे, लोहासाठी फेरस सल्फेट द्यायचे. वाचू शकणारे झाड उपटले जाणे किंवा उपटायला हवे ते मावा कीड पोसत बागेत उभे राहणे, इतकी किंमत या पिवळेपणाच्या छटेला आहे.

ही छटा फोटोत उतरते कशी? पानावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग मेणचट आवरणावरूनच परततो. तो पानात शिरत नाही, म्हणून त्यात पानाचा रंग नसतो, नुसती पांढरी चकाकी असते. उरलेला आत शिरतो, हरितद्रव्य त्यातला निळा आणि लाल शोषते आणि हिरवा बाहेर येतो. भर दुपारच्या उन्हात चकाकी एवढी वरचढ होते, की तेवढ्या जागेत सेन्सर भरून जातो. तिथे पानाची काही नोंदच उरत नाही आणि नसलेली नोंद कोणतेही अॅप परत आणू शकत नाही. फ्लॅशने तेच होते. पातळ ढगाखाली किंवा मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि चकाकी विरते. मात्र ही सावली केळीच्या बागेतली नसावी, कारण पानांतून गाळून आलेला उजेड स्वतःच हिरवट असतो. त्या उजेडात पिवळी रेघ हिरव्यात मुरते. आपल्याच अंगाची सावली पानावर धरणे सोपे. त्याच पानाचा दुसरा फोटो आभाळासमोर धरून, आरपार उजेडात घ्यावा. सुरुवातीच्या रेघा त्यात अधिक उठून दिसतात. कॅमेरा फार जवळ नेला, की जेमतेम काही मिलिमीटरचीच खोली स्पष्ट राहते आणि मोबाइलची सावलीही पडते. म्हणून थोडे मागे राहून, पान मोबाइलला समांतर धरून फोटो घ्यावा आणि नंतर क्रॉप करावा.

आता एडिटिंग. ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेवर आजचे बहुतेक कॅमेरे चालतात. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू एकच रंग टिपतो, उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. त्यानंतर जेपेग उजेडापेक्षा रंगाचा तपशील सहसा ढोबळपणे साठवते. एवढ्या चाळण्यांतून आलेल्या मिलिमीटरभर रेघेवर फिल्टर चालवला की काय उरणार? सॅच्युरेशन वाढवले तर फिकटलेले पान गर्द हिरवे होऊन लोहाची कमतरता झाकली जाते. शार्पनिंग तर ठिपक्याच्या कडेला स्वतःचीच फिकट किनार काढते, आणि वलय आहे की नाही हेच तर तज्ज्ञ पाहत असतो.

मोबाइल स्वतःच आधी एवढी ढवळाढवळ करतो, मग आपल्या एडिटिंगचाच बाऊ कशाला, असा आक्षेप रास्त आहे. दुपारचा सूर्यप्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा, सावलीतला ७००० च्या पुढे, निळसर. ऑटो व्हाइट बॅलन्स त्यावर अंदाजच बांधतो. त्याला उत्तर एकच, पानाशेजारी साधा पांढरा कागद ठेवणे. पानाला आलेली झाक बहुतांशी कागदालाही येते. कागद पांढरा दिसेपर्यंत केलेली दुरुस्ती पानालाही लागू पडते. असे एडिटिंग मला नुसते चालणारे नव्हे, आवश्यक वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे सांभाळून घेईल, हा भरवसा मात्र पुराव्यावर टिकत नाही. प्लांटव्हिलेज संचातल्या ५४,३०६ फोटोंवर शिकवलेल्या प्रणालीने २०१६ मध्ये त्याच संचातल्या चाचणीत ९९.३५ टक्के अचूकता गाठली. वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या फोटोंवर ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. पुढे २०२२ मध्ये याच संचातल्या फोटोंच्या पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल देऊन, पान न दाखवताच, ४९ टक्के उत्तरे बरोबर मिळवता आली. यंत्र पानासोबत उजेड आणि पार्श्वभूमीही पाठ करत होते.

अनुभवी माणूस धूसर फोटोवरूनही करपा ओळखतो, हे खरेच. पण तो ओळखतो तो राखाडी मध्याचा, पुढे गेलेला करपा. तोवर पान हातचे गेलेले असते. उपयोग असतो तो पहिल्या रेघांच्या टप्प्यावर. आणि हळदीची कंदकूज जमिनीखाली असते, पानाच्या कितीही चांगल्या फोटोत ती दिसणार नाही. त्यामुळे जवळच्या फोटोसोबत अख्ख्या झाडाचाही फोटो हवा, पान वरून कितवे तेही लिहायला हवे, आणि मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे पाठवताना ती आणखी आकसत नाही.