उरलेल्या १११ लढती

एमिल ग्रिफिथ १९५८ ते १९७७ या काळात ११२ व्यावसायिक लढती लढला. ८५ जिंकला, २४ हरला, दोन बरोबरीत सुटल्या, एक निकालाविना राहिली. वेल्टरवेट म्हणजे १४७ पौंडांच्या, सुमारे ६६.७ किलोच्या गटाचं जगज्जेतेपद त्याने तीनदा मिळवलं आणि त्याहून जड मिडलवेट गटाचं दोनदा. तरी त्याचं नाव निघालं की बोलणं एकाच रात्रीपाशी येऊन थांबतं: २४ मार्च १९६२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बारावी फेरी. त्या फेरीला वळसा घालून त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही. पण तिथेच थांबलं तर हा माणूस बॉक्सर म्हणून कसा होता, हेच हातातून सुटतं.

तो कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा, जन्म १९३८चा. किशोरवयात न्यूयॉर्कला आला आणि मॅनहॅटनच्या कपडाबाजारात बायकांच्या टोप्या बनवणाऱ्या हॉवर्ड अल्बर्टच्या कारखान्यात कामाला लागला. उन्हाळ्यात एकदा उकाड्यामुळे तो शर्ट काढून काम करत होता. अल्बर्ट स्वतः एकेकाळचा हौशी बॉक्सर. ते रुंद खांदे आणि ती बारीक कंबर पाहून त्याने या पोराला थेट गिल क्लॅन्सी या प्रशिक्षकापुढे उभं केलं. पोराला बॉक्सिंगची फारशी ओढ नव्हती. टोप्यांचे नमुने काढण्यात मात्र त्याचा हात चांगला होता. तरीही १९५८मध्ये त्याने न्यूयॉर्कची गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. अल्बर्ट आणि क्लॅन्सी मिळून त्याचा कारभार पाहू लागले. क्लॅन्सी तर शेवटच्या लढतीपर्यंत त्याच्या कोपऱ्यात होता. ज्या धंद्यात हरलेला बॉक्सर आधी प्रशिक्षक बदलतो, तिथे ही गोष्ट साधी नाही.

१ एप्रिल १९६१ रोजी मायामी बीचला त्याने क्यूबाच्या बेनी ‘किड’ पॅरेटला तेराव्या फेरीत बाद केलं आणि वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. सप्टेंबरात पॅरेटने अगदी थोडक्यात, पंचांच्या दुभंगलेल्या निकालावर पट्टा परत नेला. तिसरी लढत मार्चमध्ये ठरली. मधल्या काळात, डिसेंबरात, पॅरेटच्या मॅनेजरने त्याला लास व्हेगासला मिडलवेटचा विजेता जीन फुलमरसमोर उतरवलं होतं. दहा फेऱ्या बेदम मार खाऊन तो बाद झाला. त्याला जेमतेम साडेतीन महिने होत होते.

तिसऱ्या लढतीच्या दिवशी सकाळी वजनं घेताना पॅरेटने ग्रिफिथच्या अंगाला हात लावला आणि समलिंगी पुरुषांना हिणवायचा स्पॅनिश शब्द चारचौघांत वापरला. ग्रिफिथ तिथेच त्याच्यावर धावून जाणार होता. क्लॅन्सीने त्याला आवरलं. ग्रिफिथविषयी कुजबुज खेळाच्या पत्रकारांत आधीपासून होती, पण १९६२च्या अमेरिकेत ती छापता येत नव्हती. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीतही नेमका शब्द गाळून ‘पुरुष नसलेला’ अशा अर्थाचा काहीतरी गुळमुळीत शब्द आला.

रात्री सहाव्या फेरीत पॅरेटने ग्रिफिथला खाली पाडलं. घंटेने तो वाचला. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात सापडला. त्याचं शरीर दोरांमध्ये अडकलं, त्यामुळे त्याला खाली पडताही येईना, आणि ग्रिफिथचे ठोसे थांबेनात. रेफरी रूबी गोल्डस्टीन मध्ये पडला तोवर उशीर झाला होता. पॅरेट शुद्धीवर आलाच नाही. ३ एप्रिलला तो गेला, वय २५. हे सगळं एबीसी वाहिनीवरून अमेरिकेच्या घराघरांत थेट दिसलं होतं.

पुढे सांगणाऱ्यांनी या घटनेची सरळ रेषा आखली: सकाळी अपमान, संध्याकाळी सूड. गोष्ट म्हणून ती पक्की बसते, आणि मला तेवढ्यासाठीच ती खटकते. सगळा भार एका माणसाच्या रागावर टाकला की बाकीचे मोकळे सुटतात. फुलमरचा मार अंगात असताना पॅरेटला पुन्हा रिंगमध्ये ढकलणारा मॅनेजर सुटतो, त्या लढतीला मान्यता देणारे अधिकारी सुटतात. पॅरेट कितीही मार पचवतो हा त्याचा लौकिकच त्याच्या जिवावर उठला, हेही मागे पडतं. तो अजून उलटेल या भरवशावर सगळे थांबून राहिले. ग्रिफिथ चिडलेला होता यात शंका नाही. पण समोरचा उभा आहे आणि रेफरी थांबवत नाही तोवर मारत राहायचं, हे त्याला क्लॅन्सीने शिकवलेलं होतं आणि त्या रात्री बजावलेलंही होतं. हा धंदा प्रत्येक बॉक्सरला तेच शिकवतो.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी चौकशी बसवली. तिच्यातून कोणाला काही शिक्षा झाली नाही. गोल्डस्टीनची रेफरी म्हणून कारकीर्द जवळपास तिथेच संपली. १९६४मध्ये एबीसीने बॉक्सिंगचा साप्ताहिक कार्यक्रम बंद केला. ग्रिफिथला शिव्याशापांची पत्रं येत राहिली आणि झोपेत पॅरेट दिसत राहिला.

पण जुलैमध्ये तो पुन्हा रिंगमध्ये होता, आणि इथून पुढची पंधरा वर्षं मला अधिक वाचण्यासारखी वाटतात. या काळात तो सुमारे ऐंशी लढती लढला आणि प्रतिस्पर्ध्याला बाद करून जिंकला त्या जेमतेम डझनभर. समोरचा डळमळला की ग्रिफिथ हात आखडता घ्यायचा. जॅब मारायचा, बाजूला सरकायचा, पकडायचा, फेरी खिशात घालायचा आणि गुणांवर जिंकायचा. कुणाला मारून टाकीन या धास्तीने आपण कधीच पूर्वीसारखे लढलो नाही, असं तो पुढे सांगत असे. क्लॅन्सीचंही मत तेच. एखाद्या लोहाराने घण बाजूला ठेवून छोट्या हातोडीवर संसार चालवावा, तशी ही कारकीर्द. आणि तरीही तो जगज्जेता राहिला, हे विसरू नये.

त्याचा खरा जोडीदार मला लुइस रॉड्रिगेझ वाटतो. तोही क्यूबाचा, चपळ आणि डोक्याने लढणारा. दोघे चारदा भिडले. १९६०मध्ये ग्रिफिथ जिंकला. २१ मार्च १९६३ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर रॉड्रिगेझने पट्टा घेतला. त्याच रात्री त्याच रिंगमध्ये डेव्ही मूर शुगर रामोसकडून हरला आणि चार दिवसांनी मरण पावला. वर्षभरात दुसरा मृत्यू, आणि त्या संध्याकाळी ग्रिफिथ तिथेच होता. बॉब डिलनचं ‘हू किल्ड डेव्ही मूर?’ हे गाणं याच घटनेवरचं. शीर्षकातला प्रश्न पॅरेटबाबतही तितकाच लागू आहे. जून १९६३मध्ये गार्डनला आणि जून १९६४मध्ये लास व्हेगासला ग्रिफिथ जिंकला, दोन्ही वेळा पंचांत एकमत नसताना.

मध्येच एक आपटी: डिसेंबर १९६३मध्ये रुबिन ‘हरिकेन’ कार्टरने त्याला पिट्सबर्गला पहिल्याच फेरीत गारद केलं. १९६६मध्ये नायजेरियाच्या डिक टायगरकडून त्याने मिडलवेटचा पट्टा घेतला. निकाल वादाचा होता. मग इटलीच्या नीनो बेनवेनुतीशी तीन लढती झाल्या. पहिली आणि तिसरी बेनवेनुतीने जिंकली, मधली ग्रिफिथने. त्यानंतरची उतरंड लांबली. होसे नापोलेस आणि दोनदा कार्लोस मोन्झोन यांच्याविरुद्ध त्याची जगज्जेतेपदाची संधी हुकली. १९७७मध्ये मोंटे कार्लोला अॅलन मिंटरकडून हरल्यावर तो थांबला. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. चार-पाच वर्षं आधी थांबायला हवा होता.

पुढे त्याने न्यू जर्सीत बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात नोकरी केली, विल्फ्रेड बेनिटेझसारख्या बॉक्सरना शिकवलं. १९९२मध्ये न्यूयॉर्कमधल्या समलिंगींच्या एका बारमधून बाहेर पडल्यावर त्याला टोळक्याने इतकं मारलं की महिनोन्‌महिने रुग्णालयात काढावे लागले. डोक्याला बसलेल्या माराने स्मृती आधीच ढासळत होती. त्यानंतर ती वेगाने गेली. आपल्याला पुरुषही आवडतात आणि स्त्रियाही, हे तो उघडपणे बोलला तेव्हा साठी उलटून गेली होती. २००५मध्ये आलेल्या ‘रिंग ऑफ फायर’ या माहितीपटात पॅरेटचा मुलगा त्याला भेटतो आणि मिठी मारतो. वडील गेले तेव्हा तो मुलगा अगदी लहान होता.

ग्रिफिथ जुलै २०१३मध्ये गेला. त्याच्या महिनाभर आधी सेंट लुइसला टेरेन्स ब्लँचार्ड या जॅझ संगीतकाराचा त्याच्यावरचा ‘चॅम्पियन’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. २०२३मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातही झाला. ऑपेराचा केंद्रबिंदू अर्थात बारावी फेरीच. रंगमंचाची गरज असेल. पण ज्याला ग्रिफिथचं बॉक्सिंग पाहायचं आहे त्याने पॅरेटची लढत बाजूला ठेवून रॉड्रिगेझबरोबरच्या १९६३ आणि १९६४च्या लढती शोधाव्यात. प्रत्येकी पंधरा फेऱ्या. त्यात कोणी कोणाला बाद करत नाही, आणि निम्म्या फेऱ्यांनंतर कोण पुढे आहे हे आजही दोन जाणकार एकमताने सांगणार नाहीत.