पत्र्याची पेटी आणि कोंबडीचं घर

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालं आणि पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली पुलाची हे गाव लागतं. त्याला लागूनच एमआयडीसी, फौंड्र्यांची वसाहत. वेल्डर जिथं हाकेच्या अंतरावर मिळतो, तिथं परसातलं खुराडं लाकडाचं राहील कशाला? अँगल, चौकोनी पाइप, वेल्डमेश आणि वर पत्रा, झालं काम.

मजबुतीबद्दल तक्रार नाही, खोट असते ती बंदिस्तपणात. मुंगसाच्या धास्तीनं चारी बाजूंनी पत्रा मारला की रात्रभर विष्ठेची ओल आत कोंडते, अमोनिया साचतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वास घरघरतो. कोंबडी थंडी काढते. ओल मात्र तिला सोसत नाही. म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, लांब बाजूंना खाली फूट-दीड फूट भिंत आणि वर छपरापर्यंत जाळी. पावसाची झड अडवायला छप्पर तीन फूट बाहेर काढावं. पोत्याचा पडदा फक्त झडीपुरता. उन्हाळ्यात पत्र्यावर चुना फासला की आतली तलखी कमी होते.

षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवीलच असं नाही. त्यासाठी अर्धा इंची वेल्डमेशच हवी. घूस जमीन उकरून शिरते, तेव्हा मोकळ्या आवाराची जाळी बुडाशी बाहेरच्या अंगाला दीड फूट वळवून मातीखाली दाबायची.

आत दर पक्ष्याला निदान दोन चौरस फूट जागा लागते. बसायचा दांडा लाकडाचा, गोल, दर पक्ष्याला आठ इंच. उरलेला लोखंडी पाइप इथं वापरायचा मोह टाळावा, तो निसरडा असतो आणि थंडीत गारठतो. अंड्याची खोकी दांड्यापेक्षा खाली असावीत, नाहीतर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपून ती घाण करतात. चार-पाच कोंबड्यांत एक खोकं पुरतं.

फौंड्रीतली जळकी वाळू फुकट मिळते म्हणून कोंबड्यांच्या धूळस्नानाला टाकू नये. तिच्यात रेझिनचे अवशेष आणि धातूचे कण असू शकतात, आणि बारीक धूळ छातीत जाते. कोरडी माती आणि चुलीतली राख उत्तम.

जमिनीवर भाताचं तूस तीन-चार इंच पसरायचं. ते आठवड्याला खालीवर केलं नाही तर सगळी रचना वाया. मुठीत दाबून पाहावं: गोळा तसाच राहिला तर ओल आहे, चुना मिसळून हलवावं किंवा बदलावं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं, म्हणून सखल परसात चौथरा उंच घेण्यात कंजुषी नको.

पक्षी कोणते, यावरही मापं ठरतात. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरिराज अंगानं जड, उंच दांड्यावरून उडी मारताना पाय दुखावून घेते. तिला दीड फुटावरचा दांडा बरा. ती सहसा खुडूक बसत नाही. म्हणून घरची पिल्लं हवी असतील तर जोडीला एखादी गावरान ठेवावी, ती एकवीस दिवस इमानानं अंडी उबवते. खुडूक कोंबडीला वेगळा, अंधारा कोपरा लागतो, नाहीतर बाकीच्या तिच्याखाली अंडी घालत राहतात.

मानमोडीच्या रोगावर मात्र जाळीचा काही इलाज चालत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात त्यावरची लासोटा लस द्यावीच लागते. लशीची बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची, कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती फोडणं जिवावर येतं, तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणून एकच बाटली वाटून घेतलेली बरी.