ओळखून लावू झाडं : नाताळच्या झाडाचं खरं नाव

मागच्या आठवड्यात मोरपंखी पाहिली. आजचं झाडही सूचिपर्णी वर्गातलंच, पण त्याच्या नावाचा घोळ मोठा आहे. डिसेंबर लागला की आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘ख्रिसमस ट्री’च्या कुंड्या मांडल्या जातात. चिठ्ठीवर कधी ‘अरौकेरिया’ एवढंच असतं, तर कधी ‘नॉरफोक आयलंड पाइन’. प्रत्यक्षात उष्ण प्रदेशात या नावाखाली विकली जाणारी कितीतरी झाडं कुक पाइन असतात. नॉरफोक पाइन मूळचा नॉरफोक बेटाचा, तर कुक पाइन न्यू कॅलेडोनियाचा. कॅप्टन जेम्स कुकने हे दोन्ही प्रदेश १७७४ सालच्या एकाच सफरीत पाहिले. दोन्ही झाडं पाइन म्हणवली जातात, पण खऱ्या पाइनचं कुळ वेगळं.

हातभर उंचीची रोपं जाणकारालाही चकवतात. दोघांची कोवळी पानं सुईसारखी मऊ असतात, फांद्याही मजल्यामजल्यांनी फुटतात. म्हणून नर्सरीवाल्याकडे मातृवृक्षाची चौकशी करावी. तो दाखवू शकला तर फारच उत्तम. मोठं झाड बोलकं असतं. नॉरफोकच्या फांद्या लांब, मजल्यांमध्ये मोकळी जागा, आकार त्रिकोणी. कुकच्या फांद्या आखूड, झाड खांबासारखं अरुंद, आणि सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात.

कुक पाइनची आणखी एक खूण मला विलक्षण वाटते. तो विषुववृत्ताच्या दिशेने झुकतो. पाच खंडांतली २५६ झाडं मोजून केलेला अभ्यास २०१७ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात आला. उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे कललेली. सरासरी कल साधारण साडेआठ अंश. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका कल जास्त.

आपण उत्तर गोलार्धात. म्हणजे घराच्या उत्तरेला, भिंतीलगत लावलेला कुक पुढे घराकडेच कलणार. दोन्ही झाडं दीडशे फुटांच्या वर जाऊ शकतात, त्यामुळे जातीची खात्री नसेल तर ती कुकच आहे असं धरून जागा निवडावी: दक्षिण बाजू मोकळी, वर विजेच्या तारा नाहीत. बंगल्याचं अंगण लहान असेल, तर मी रोप कुंडीतच ठेवायला सांगेन.

जमिनीत लावायचं तर पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावं. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट रुंद. मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये आणि खोड कुंडीत होतं त्याहून खोल गाडू नये. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. तिथे मुरूम घालून उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावं. कोकण-गोव्याचा खारा वारा याला सोसतो.

शेंडा मात्र कधीही छाटू नये. सरळ वाढ शेंड्याचीच असते; आडव्या फांदीचं कलम जगलं तरी आडवंच वाढत राहतं, सरळ झाड होत नाही. म्हणून रोप घेताना शेंडा शाबूत आहे ना, हे आधी पाहावं; तो मोडलेला असेल तर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.