माळ्यावरच्या कॅमेऱ्यात रोल आहे का?

दसऱ्याच्या आधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून, ट्रंकेतून नाहीतर लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून एक वस्तू हमखास बाहेर येते. रोलचा जुना कॅमेरा. कुणाच्या घरी यशिका, कुणाच्या घरी हॉट शॉट नाहीतर कोडॅक, आणि त्याहून जुन्या घरात आग्फाचा क्लिक थ्री. मुंबईच्या मामांनी आणलेला असतो, नाहीतर दिरानं पहिल्या पगारात घेतलेला. मग घरात कुणीतरी म्हणतं, मोबाईल आल्यावर हा काय कामाचा, द्या भंगारात. आज आम्ही या कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. तो टिकतो कसा, बिघडतो कुठं, घरी काय करता येतं आणि काय करायचं नाही.

पण सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती चुकली तर पुन्हा मिळत नाही. कॅमेरा हातात आला की मागचं झाकण उघडायचं नाही. आत रोल असू शकतो.

छत्तीस फोटोंचा रोल एका कार्यक्रमात संपायचा नाही. वीसेक फोटो बारशाला निघायचे, उरलेले पुढच्या सणाला काढू म्हणून कॅमेरा तसाच ठेवला जायचा. मग मोबाईल आला आणि तो सण काही त्या कॅमेऱ्याच्या नशिबी आला नाही. अशा अर्धवट रोलमध्ये आज हयात नसलेल्या माणसाचा चेहरा असू शकतो. आपल्या गटांतल्या कितीतरी बायकांकडं नवऱ्याचा किंवा आईचा एकच फोटो असतो, तोही आधार कार्डावरचा. तेव्हा हे पाच मिनिटांचं काम घाईत करू नका.

रोल आहे का हे कळतं कसं? बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मागच्या झाकणाला छोटी उभी खिडकी असते, तिच्यातून रोलच्या डबीचा रंग दिसतो. खिडकी नसेल तर वरच्या डाव्या बाजूला रोल परत गुंडाळायची घडीची दांडी असते, ती बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा. गरागरा मोकळी फिरली तर बहुतेक रोल नाही. अडली, ताण लागला, तर रोल आहे. मग कॅमेऱ्याच्या तळाचं बारीक बटण दाबा आणि दांडी सावकाश फिरवत राहा. शेवटी ताण एकदम सुटतो, म्हणजे रोल डबीत गेला. आता झाकण उघडायला हरकत नाही. क्लिक थ्रीसारख्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र रोल उलटा गुंडाळत नाहीत. मागच्या लाल काचेत आकडा दिसतो, तो बारापर्यंत नेऊन पुढं कागद सुटेपर्यंत फिरवायचं.

आणि झाकण आधीच उघडलं गेलं असेल तर? लगेच बंद करा, वर सांगितल्याप्रमाणे रोल गुंडाळा आणि आशा सोडू नका. उजेड बाहेरच्या वेढ्यांना खातो, आतले वेढे पुष्कळदा वाचतात.

न धुतलेल्या रोलवरचं चित्र वर्षं जातील तसं फिकं होतं, आणि उष्णतेनं लवकर फिकं होतं. पत्र्याखालच्या माळ्यावर तर फारच. रंगीत रोलपेक्षा काळा-पांढरा जास्त तग धरतो. तरी वीस-पंचवीस वर्षांच्या रोलमधून ओळखू येण्यासारखे चेहरे निघतात. रंगीत रोल धुण्याची रसायनं अडतीस अंश तापमानाला नेमकी राखावी लागतात, त्यामुळं तालुक्याच्या स्टुडिओत आता हे काम सहसा होत नाही. पुण्या-मुंबईच्या काही लॅब कुरिअरनं रोल घेतात. पाठवण्याआधी फोनवर सांगा की रोल जुना आहे. आणि निगेटिव्ह परत हवेत हे चिठ्ठीवर लिहा, नाहीतर नुसते फोटो मोबाईलवर येतात.

आता कॅमेऱ्याकडं वळू. एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. महागडा, आपोआप चालणारा कॅमेरा बंद पडला आणि शेजारचा स्वस्त, हातानं रोल फिरवायचा चालू राहिला, हे कसं? कारण साधं आहे. यशिकाचा एमएफ-२ किंवा कोडॅकचा केबी-१० घ्या. त्यात भिंग जागचं हलत नाही. चार-पाच फुटांच्या पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येईल अशा जागी ते कारखान्यातच बसवलेलं असतं. खटका दाबला की स्प्रिंगवर एक पातळ पाकळी क्षणभर बाजूला होते, उजेड आत जातो, झालं. रोल अंगठ्यानं पुढं सरकवायचा. सेल लागतात ते बहुतेक फ्लॅशपुरते, म्हणून फ्लॅश मेला तरी उन्हातला फोटो निघतो. उलट नंतरच्या कॅमेऱ्यात भिंग आत-बाहेर करायला मोटर, रोल ओढायला मोटर, सगळ्यावर हुकूम चालवायला एक इलेक्ट्रॉनिक पट्टी. ती पट्टी गेली की कॅमेराच गेला, कारण तसली पट्टी आता कुणी बनवत नाही.

हाताला कळेल असं यंत्र दुरुस्त करण्यात कोल्हापूर मागं नाही, हे आम्ही अभिमानानं सांगतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो बाजाराला जाता-येता तुम्ही पाहिला असेल. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि दामल्यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. पुढं त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. ज्या गावात कॅमेऱ्याचे चाक-दाते घडवले गेले, त्या गावच्या बाईनं साध्या कॅमेऱ्याचं झाकण उघडायला भ्यायचं कारण नाही. शिलाई मशीनची बॉबिन बसवण्यापेक्षा रोल बसवणं खरं तर सोपं आहे.

भ्यायचं ते एकाच गोष्टीला, फ्लॅशला. फ्लॅशच्या मागं एक नळकांडं असतं, कपॅसिटर म्हणतात त्याला. दोन पेन्सिल सेलच्या तीन व्होल्टचे ते तीनशेच्या आसपास व्होल्ट करून साठवतं. सेल काढून ठेवले तरी हा साठा आत बराच वेळ राहतो आणि जोराचा झटका बसतो. म्हणून सेलची खोली आणि मागचं झाकण, एवढंच आपण उघडायचं. स्क्रू एकही सोडवायचा नाही. पोरांच्या हातात खेळायला फ्लॅशवाला कॅमेरा देऊ नका, ती पहिल्यांदा स्क्रूच शोधतात.

आता कॅमेरा तपासायचा कसा ते बघा. रोल नाही याची खात्री झाली की झाकण उघडा, भिंग खिडकीकडं धरा आणि मागून बघत खटका दाबा. क्षणभर गोल उजेड चमकला तर पाकळी चालते. काही झालं नाही तर लगेच बिघडला म्हणू नका. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत रोलची भोकं एका दातेरी चाकात अडकतात आणि ते चाक फिरलं तरच खटका तयार होतो. रोलच नसेल तर नुसतं अंगठ्यानं फिरवून उपयोग होत नाही. ते दातेरी चाक बोटानं अडेपर्यंत फिरवा आणि मग खटका दाबा. एवढं ठाऊक नसल्यामुळं चांगले कॅमेरे भंगारात गेलेत.

सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड म्हणजे आत विसरलेले सेल. ते फुटतात, पांढरा-हिरवा क्षार साठतो आणि पितळी पट्ट्या खाल्ल्या जातात. कॅमेरा झाकण खाली करून धरा म्हणजे क्षार आत जाणार नाही, आणि सुका क्षार काडीनं खरवडून काढा. सेल अल्कलाइन असतील तर व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस, साधे स्वस्तातले सेल असतील तर खाण्याच्या सोड्याचं पाणी, कापसाच्या काडीला अगदी ओलसर लावून पुसा. मग स्पिरिटनं पुसून पट्टी खोडरबरानं घासा. चमक आली की नवे सेल घालून बघा. हाताला तो क्षार लागला तर धुऊन टाका, आणि डोळ्यांपासून लांब.

दुसरं दुखणं झाकणाच्या कडेचं. उजेड आत जाऊ नये म्हणून तिथल्या खाचेत काळा स्पंज असतो. पंधरा-वीस वर्षांत तो विरघळून डांबरासारखा चिकट होतो आणि फोटोवर लाल-नारिंगी पट्टे येतात. लोक म्हणतात रोल खराब होता. रोल नव्हे, स्पंज. लाकडी काडीला स्पिरिट लावून खाच साफ करा आणि तिथं स्वेटरची काळी लोकर दाबून बसवा, जरा डिंकवजा चिकटवून. ही युक्ती जगभर करतात. झाकण सहज बंद व्हायला हवं, तेवढीच जाडी ठेवा.

तिसरी बुरशी. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या भागातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बाहेरच्या काचेवर असतील तर मऊ कापडानं निघतात, आतल्या काचेवर गेले तर मिस्त्रीचं काम. चामड्याचं कव्हर फार छान दिसतं, पण ओल धरून ठेवतं, त्यामुळं कॅमेरा त्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा घ्या, ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे सोबत टाका, आणि सेल वेगळे ठेवा. तांदळात पुरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याची भुकटी आत जाते.

आणि तेल! खटका अडकतो म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडायचा मोह होतो. सोडू नका. मशीनला तेलानं आयुष्य मिळतं, कॅमेऱ्याच्या पाकळ्या मात्र तेलानं एकमेकींना चिकटतात आणि भिंगावर धूर बसल्यासारखा थर येतो. त्या पाकळ्या कोरड्याच चालायच्या असतात.

याच्या पुढचं काम मिस्त्रीकडं. जुना घड्याळजी नाहीतर जुन्या स्टुडिओतला जाणता माणूस विचारून बघा. प्लॅस्टिकचं चाक तुटलं तर नवा भाग मिळत नाही, तो दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढावा लागतो. म्हणून आमचं म्हणणं असं की गटातल्या सगळ्यांनी आपापले कॅमेरे एकदा एकत्र आणावेत. एकाच जातीचे दोन बंद कॅमेरे मिळून एक चालू होतो. मोटरवाला मात्र आतून गेला असेल तर त्याच्यावर पैसे घालू नका, आम्ही तरी घालणार नाही.

विकायचा असेल तरी किलोवर विकू नका. शहरातली पोरं आता पुन्हा रोलवर फोटो काढू लागलीत. जपानच्या रिको कंपनीनं २०२४ साली पेंटॅक्स नावानं रोलचा नवा छोटा कॅमेरा काढला, आणि त्यात मुद्दाम मोटर न घालता अंगठ्यानं फिरवायची दांडी ठेवली. रोल आणि धुलाई दोन्ही आता महाग आहेत, त्यामुळं रोजच्या फोटोंसाठी हा कॅमेरा परवडणारा नाही, हेही खरं.

शेवटी निगेटिव्ह. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं, तेव्हा शिरोळकडच्या कितीतरी घरांतले अल्बम चिखलात गेले. ओले फोटो वाळले की एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. म्हणून ते वाळायच्या आत स्वच्छ थंड पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पाण्यातच हलकेच सुटे करा, चित्राच्या बाजूला बोट न लावता. मग सावलीत, चित्र वर करून, कापडावर पसरा. ऊन दाखवू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट पाण्यात ठेवा. निगेटिव्हच्या पट्ट्या धुऊन दोरीवर कडेला चिमटा लावून टांगा. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात हात पोचणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधा आणि कुणाच्या तरी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. पुराच्या पाण्यात बुडालेला फ्लॅशवाला कॅमेरा मात्र सुकवून चालू करून बघू नका. तळाचं बटण दाबून आतला रोल गुंडाळून निघाला तर तो वाळू न देता पाण्यासकट काळ्या डबीत बंद करा आणि लॅबला तसं सांगून पाठवा.

पावसाळा लागण्याआधी अल्बम आणि निगेटिव्ह पोटमाळ्यावर हलवा, आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं साल आणि कार्यक्रम लिहून ठेवा.