पॅपिलिओची षष्ठी

प्रुफं तपासताना एकदा मी एक ‘नि’ खाल्ला. फुलपाखरांवरची छोटी पुस्तिका होती. नीलवंत, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू. त्याचं उपकुळ लेखकाने लिहिलं होतं ‘पॅपिलिओनिनी’. प्रजाती पॅपिलिओ, मग हा ‘नि’ कुठला? जुळणीत दोनदा पडला असणार, म्हणून उडवला. पुस्तिका छापून आली आणि लेखकाचा फोन. पोरगा रागावला नाही. म्हणाला, “काका, तुम्ही संस्कृतवाले ना? षष्ठी चालवून बघा की.”

प्राण्यांच्या उपकुळाचं नाव त्यातल्या एका ठरवून दिलेल्या प्रजातीवरून पडतं. तिच्या नावाची लॅटिन षष्ठी घ्यायची, प्रत्यय सोडवायचा आणि उरलेल्या अंगाला ‘-इनी’ लावायचं. पॅपिलिओ, षष्ठी पॅपिलिओनिस, अंग पॅपिलिओन्. आपलं आत्मा, आत्मनः तरी काय वेगळं आहे? प्रथमेत दडलेला न् षष्ठीत बाहेर येतो. गाईची प्रजाती बोस, षष्ठी बोविस, म्हणून उपकुळ बोविनी, बोसिनी नव्हे. त्याच अंगाला ‘-इडी’ लावलं की कुळ, बोविडी. वनस्पतींचं शास्त्र वेगळं, तिथे उपकुळाला ‘-ऑइडी’: बांबूचं बांबुसॉइडी.

तेव्हापासून नावापुढचं माणूस आणि सालही मी ताडून पाहतो. पॅपिलिओनिडी हे कुळ फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांच्या नावावर आहे, साल १८०२. नियम असा की उपकुळापुढेही लात्रेय, १८०२ हेच येणार. वाटणी पुढे कुणीही करो, मालकी मूळ पुरुषाची!

सगळ्यात मजा वेड्या राघूची. त्याची प्रजाती मेरॉप्स, लिनियसने १७५८ मध्ये नोंदवलेली. १८३८ मध्ये न्यूमनने एका कीटकाच्या प्रजातीला नाव दिलं मेरोपी. नावं निराळी, पण षष्ठी चालवली की दोघांचं अंग एकच, मेरोप्. म्हणजे पक्ष्याचं कुळ मेरोपिडी आणि किड्याचंही मेरोपिडी. प्राण्यांच्या राज्यात एक नाव दोघांना चालत नाही. शेवटी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने निवाडा केला: नाव पक्ष्याकडे राहू दे, कीटकाच्या अंगात शेवटचा ‘ए’ ठेवा. झालं मेरोपेइडी. व्याकरणाला सोडून, पण मुद्दाम.

हा ‘ए’ माझ्यासारख्या कुणाच्या लाल पेनाखाली सापडला नाही म्हणजे मिळवली.